डिफेन्सिव्ह टॅकलचा करार वाढवावा का? आधी तीन वर्षांचा हिशेब मांडा

प्रश्न असा आहे. एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या) एका संघाकडे ड्राफ्टच्या, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेला डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा गडी, आहे. चार हंगाम झाले, वय २६. संघाने पाचव्या वर्षाचा पर्याय (चार वर्षांचा पहिला करार एक वर्षाने वाढवण्याचा हक्क) वापरल्यामुळे येत्या हंगामाचे १.३ कोटी डॉलर ठरलेले आहेत. गेल्या हंगामात त्याने नऊ सॅक केले (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडले), आणि आता एजंट पुढच्या चार वर्षांचे ९.६ कोटी मागतो आहे. द्यावेत का?

खेळाडू चांगला आहे यात वाद नाही. नसता तर ही बोलणी सुरूच झाली नसती. ठरवायचे आहे ते वेगळेच: कागदावरच्या पाच वर्षांपैकी (येते एक आणि नवी चार) नेमक्या किती हंगामांचे पैसे संघ परत न घेता येण्यासारखे बांधून देतो आहे, आणि तेवढ्याच पैशांत त्याच्या जागी दुसरे कोण उभे करता येईल. बातमीत छापून येतो तो एकूण आकडा, पण निर्णय त्यावर होत नाही.

चित्रफीत पाहताना काय मोजायचे

सॅकपासून सुरुवात करू नका. मधल्या जागेवरच्या लाइनमनचे सॅक दर वर्षी फार वरखाली होतात. कॅन्सस सिटीचा ख्रिस जोन्स २०१८ मध्ये १५.५ सॅकवर होता, पुढच्या तीन हंगामांत ९, ७.५ आणि ९, मग २०२२ मध्ये पुन्हा १५.५. तो दोन वेळा बिघडला आणि दोन वेळा सुधारला असे झालेले नाही. समोर किती वेळा दोन जण अंगावर आले, मागच्या फळीने क्वार्टरबॅकला चेंडू किती वेळ धरायला लावला, कडेच्या गड्यांनी त्याला आतल्या बाजूला ढकलले की नाही, या सगळ्यांचा तो परिणाम आहे.

सहा सामने निवडा. दोन चांगल्या गार्ड्सविरुद्धचे (गार्ड म्हणजे समोरच्या फळीत त्याला अडवणारा गडी), दोन डिसेंबरमधले, आणि दोन असे की ज्यात आपला संघ मागे होता आणि समोरचा संघ धावून खेळत होता. त्यात या खेळाडूचे पास-रशचे (क्वार्टरबॅकवर चाल करून जाण्याचे) साधारण १५० ते १७० स्नॅप, म्हणजे खेळी, मिळतात. त्यांचे दोन ढीग करा: एकास एक, आणि एकाविरुद्ध दोन. एकास एकमध्ये पहिल्या अडीच सेकंदांत तो गार्डला किती वेळा ओलांडतो ते मोजा. त्यानंतर क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचला तर श्रेय बहुतेक वेळा कव्हरेजचे, म्हणजे चेंडू झेलणाऱ्यांना रोखणाऱ्या मागच्या फळीचे, असते. दुहेरी ब्लॉकमध्ये त्याला ओलांडता आले नाही तरी चालेल. तो जागेवर उभा राहतो की एक यार्डापेक्षा जास्त मागे ढकलला जातो, एवढे पाहा. तो ढकलला गेला की मागचा लाइनबॅकर अडकतो, आणि तो खर्च आकडेवारीत कुठेच दिसत नाही.

आता नऊ सॅक एकेक करून पाहा. स्वतः गार्डला हरवून मिळवलेले, स्टंटमधून (दोघांनी वाटांची अदलाबदल करून केलेल्या चढाईतून) मोकळी वाट मिळालेले, कव्हरेजमुळे मिळालेले, आणि दुसऱ्याने क्वार्टरबॅकला हुसकावल्यावर हाती लागलेले. पहिल्या प्रकाराला पूर्ण किंमत, दुसऱ्याला अर्धी, उरलेल्यांना शून्य. नवातले चार-पाच पहिल्या प्रकारचे निघाले तर खेळाडू खरा आहे. दोनच निघाले तर तुम्ही शेजारच्या एज रशरच्या (फळीच्या कडेवरून चढाई करणाऱ्याच्या) कामाचे पैसे याला देणार आहात, आणि तो एज रशर पुढच्या वर्षी स्वतःचे बिल घेऊन येणारच आहे.

एक गोष्ट हमखास सुटते: तो किती स्नॅप खेळतो. ४५ टक्के स्नॅप खेळून नऊ सॅक करणारा माणूस ७० टक्के स्नॅपवर त्याच दराने खेळेल असे गृहीत धरू नका. १४० किलो वजनाचा गडी चौथ्या क्वार्टरमध्ये उभा राहतो तो विश्रांती मिळाल्यामुळे. मोठा पगार दिला की प्रशिक्षकाचा हात त्याला बाहेर बसवायला धजत नाही, आणि त्याची धार तिथेच बोथट होते.

पद्धत बदलणार असेल तर सगळे गणित बदलते. २००९ मध्ये वॉशिंग्टनने अल्बर्ट हेन्सवर्थला सात वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार दिला, त्यातले ४.१ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी नवे प्रशिक्षक आले, फळी ३-४ (पुढे तीन लाइनमन, मागे चार लाइनबॅकर) झाली, आणि गार्ड-टॅकलमधल्या फटीत मुसंडी मारणाऱ्या माणसाला मधोमध दोन जणांचा भार पेलत उभे राहायला सांगितले गेले. जुलै २०११ मध्ये तो पाचव्या फेरीच्या एका निवडीवर पेट्रियट्सकडे गेला. वागणुकीचा भाग होताच, पण मुळात संघाने एका कामासाठी माणूस घेतला आणि दुसरे काम दिले. प्रशिक्षकाची खुर्ची डळमळीत असेल त्या वर्षी हा करार करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाव डॉलरमध्ये नव्हे, कॅपच्या टक्क्यांत

सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या वर्षाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा, २०१६ मध्ये १५.५३ कोटी होती, २०२० मध्ये १९.८२, २०२४ मध्ये २५.५४ आणि २०२५ मध्ये २७.९२ कोटी. त्यामुळे जुने करार डॉलरमध्ये ताडून पाहण्यात अर्थ नाही. ॲरन डोनाल्डचा २०१८ चा करार वर्षाला २.२५ कोटींचा, म्हणजे त्या वेळच्या १७.७२ कोटींच्या कॅपच्या १२.७ टक्के. ख्रिस जोन्सचा २०२४ चा करार पाच वर्षांचा १५.८७५ कोटींचा, वर्षाला ३.१७५ कोटी, १२.४ टक्के. साडेबारा टक्क्यांच्या आसपासचा हा भाव समोरच्या संघाला आपली खेळी बदलायला लावणाऱ्यांचाच आहे.

त्याखालचा थर २०२३ मध्ये एकदम स्पष्ट दिसला. त्या वर्षी चार महिन्यांच्या अंतरात डॅरन पेन आणि डेक्स्टर लॉरेन्स यांनी चार वर्षांचे ९-९ कोटी घेतले, जेफ्री सिमन्सने ९.४, क्विनन विल्यम्सने ९.६. कॅप २२.४८ कोटी होती, म्हणजे १० ते १०.७ टक्के. डोनाल्डचा करार २०२२ मध्ये नव्याने मांडला गेला होता आणि तीन वर्षांचे ९.५ कोटी ठरले होते. २०२३ मध्ये सगळे एजंट त्याकडे बोट दाखवत होते, पण संघांनी तो आकडा अपवाद मानला आणि एकमेकांच्या करारांना धरून राहिले. बोलणीत हेच करायचे असते: एजंट सर्वांत वरचा दगड दाखवतो, तुम्ही जिथे चार-पाच दगड एकत्र पडले आहेत ती जागा दाखवा.

आपल्या खेळाडूची मागणी नव्या चार वर्षांवर वर्षाला २.४ कोटी, म्हणजे २०२५ च्या कॅपच्या ८.६ टक्के. लॉरेन्स-विल्यम्स यांच्या थराचा भाव त्याच कॅपवर २.८ ते ३ कोटी होईल. मार्च २०२५ मध्ये पेट्रियट्सने मिल्टन विल्यम्सला चार वर्षांचे १०.४ कोटी दिले, ९.३ टक्के, आणि तो ईगल्सकडे आलटून-पालटून खेळणाऱ्यांपैकी एक होता. खुल्या बाजारात भाव असाच चढतो. तेव्हा मागणी अवाजवी नाही. खरी झुंज मांडणीवर होते.

कराराची मांडणी

जुन्या वर्षाचे १.३ कोटी आणि नवे ९.६ मिळून पाच वर्षांचे १०.९ कोटी होतात. समजा ३ कोटी साइनिंग बोनस दिला. तो खेळाडूच्या खात्यात लगेच जातो, पण कॅपवर समान भागांत, जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरतो: वर्षाला ६० लाख. उरलेले ७.९ कोटी मूळ पगार म्हणून असे लावू: ३० लाख, १.४ कोटी, १.८ कोटी, २.१ कोटी, २.३ कोटी. कॅपवरचा भार मग ९० लाख, २ कोटी, २.४, २.७ आणि २.९ कोटी. पहिल्या वर्षी १.३ कोटींचा भार ९० लाखांवर आला. संघाला लगेच ४० लाखांची जागा मिळते, म्हणून मुदतवाढ सगळ्यांना गोड लागते.

हमी आता पाहा. बोनस ३ कोटी, पहिल्या दोन वर्षांचे पगार ३० लाख आणि १.४ कोटी: सही करतानाच ४.७ कोटी पूर्ण हमीचे. तिसऱ्या वर्षाचे १.८ कोटी सुरुवातीला फक्त दुखापतीपुरते हमीचे असतात आणि मार्चमधल्या एका ठरलेल्या दिवशी पूर्ण हमीचे होतात. हा दिवस दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये आहे की तिसऱ्या, यावर सगळा करार फिरतो. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये असेल तर संघ दोन हंगाम पाहून ठरवू शकतो. तेव्हा सोडले तर बोनसचे उरलेले १.८ कोटी डेड मनी (संघात नसलेल्या खेळाडूचा भार) म्हणून कॅपवर पडतात, २.४ कोटींचा भार टळतो, ६० लाख वाचतात. पण हमी दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्येच पक्की झाली असेल, तर तिसऱ्या वर्षी त्याला सोडायला १.८ अधिक १.८, असे ३.६ कोटी लागतात. म्हणजे सोडताच येत नाही. एकच ओळ, आणि तुमचा निर्णय एक वर्ष आधी, फक्त एक हंगाम पाहून घेतला गेला.

चौथ्या वर्षाआधी सोडले तर डेड मनी १.२ कोटी आणि बचत १.५ कोटी. पाचव्याआधी ६० लाख आणि २.३ कोटी. म्हणजे हा पाच वर्षांचा १०.९ कोटींचा करार प्रत्यक्षात तीन वर्षांचा ६.५ कोटींचा करार आहे, पुढची दोन वर्षे संघाच्या मर्जीची. यातले १.३ कोटी तसेही द्यायचेच होते. उरलेल्या ५.२ कोटींत तुम्ही दोन नवे हंगाम विकत घेता, म्हणजे हंगामाला २.६ कोटी. ही खरी किंमत. एजंट २.४ सांगतो, लेखाविभाग पाच वर्षांची सरासरी काढून २.१८ सांगतो. मालकासमोर ठेवायचा आकडा २.६ चाच.

इथे बहुतेक संघ घसरतात ते तिसऱ्या वर्षी. कॅप अडली की १.८ कोटी पगारापैकी किमान वेतनाएवढे, समजा १२ लाख, ठेवून १.६८ कोटी बोनसमध्ये बदलले जातात आणि ते उरलेल्या तीन वर्षांत ५६-५६ लाख असे पसरतात. त्या वर्षी १.१२ कोटींची जागा मिळते. चौथ्या वर्षी मात्र त्याला सोडण्याचा डेड मनी १.२ वरून २.३२ कोटींवर जातो आणि बचत १.५ कोटींवरून ९४ लाखांवर येते. संघाच्या मर्जीचे वर्ष असे स्वतःच्या हाताने खेळाडूच्या मर्जीचे केले जाते. ज्या खेळाडूला चौथ्या वर्षी ठेवायची खात्री नाही, त्याच्या पगाराला हात लावू नये. दुसऱ्या कुणाच्या तरी लावावा. १ जूननंतर सोडल्याची नोंद करून डेड मनी दोन वर्षांत विभागता येतो, पण तोपर्यंत पूर्ण भार कॅपवर राहतो, आणि मार्चमध्ये खेळाडू घ्यायचे असतात तेव्हा ती जागा मोकळी नसते.

सॅन फ्रान्सिस्को, मार्च २०२०

या विषयावर यापेक्षा शिकवणारे उदाहरण माझ्या माहितीत नाही. तिथला संघ फॉर्टीनाइनर्स नुकताच सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, हरून आला होता. फळीत दोन टॅकल: २०१६ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलेला डिफॉरेस्ट बकनर आणि २०१५ मध्ये सतराव्या क्रमांकावर निवडलेला ॲरिक आर्मस्टेड. बकनरने २०१८ मध्ये १२ आणि २०१९ मध्ये ७.५ सॅक केले होते, आणि पाचव्या वर्षाचा पर्याय असल्याने २०२० साठी तो संघाच्या हातात होता. आर्मस्टेडचा करार संपत होता. पहिल्या चार हंगामांत मिळून त्याचे नऊ सॅक, आणि कराराच्या शेवटच्या वर्षात एकदम दहा. निक बोसा आणि डी फोर्ड कडेला होते, दोघा टॅकल्सना मोठे पैसे देणे शक्य नव्हते.

संघाने आर्मस्टेडला पाच वर्षांचे ८.५ कोटी दिले आणि बकनरला ड्राफ्टमधल्या तेराव्या निवडीच्या बदल्यात इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाठवले. कोल्ट्सनी त्याला लगेच चार वर्षांचे ८.४ कोटी दिले, कॅपच्या १०.६ टक्के. फॉर्टीनाइनर्सनी त्या निवडीतून एक जागा खाली सरकून चौदाव्या क्रमांकावर जॅव्हॉन किनलॉ घेतला. त्याचा चार वर्षांचा नवोदित करार सुमारे दीड कोटींचा, म्हणजे बकनरच्या एका वर्षापेक्षाही कमी. कागदावर हिशेब देखणा होता.

पुढच्या चार हंगामांत बकनरने ३२.५ सॅक केले, २०२० मध्ये ऑल-प्रो (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी कोल्ट्सनी त्याला आणखी दोन वर्षांचे ४.६ कोटी दिले. किनलॉचा गुडघा शस्त्रक्रियेपर्यंत गेला, २०२१ मध्ये तो चार आणि २०२२ मध्ये सहा सामने खेळला, पाचव्या वर्षाचा पर्याय संघाने नाकारला. आर्मस्टेडचे चार हंगामांत १४.५ सॅक झाले. २०२४ च्या मार्चमध्ये त्याला सोडले.

तरी बकनरला विकणे हीच चूक, असे मी म्हणणार नाही. तेरावी निवड ही योग्य किंमत होती, आणि त्या वाचलेल्या पैशांतून उभा राहिलेला संघ पुन्हा सुपर बोलपर्यंत गेला. आर्मस्टेडवरही सॅकचे आकडे अन्याय करतात. धावेविरुद्ध तो उत्तम होता आणि आतल्या बाजूला सरकून त्याने फळी सावरली. घोळ दोन ठिकाणी झाला. कराराच्या वर्षातले दहा सॅक आधीच्या चार हंगामांशी ताडून भाव ठरायला हवा होता. आणि एका भक्कम, दर रविवारी उभ्या राहणाऱ्या शरीराच्या जागी ज्याच्या गुडघ्याबद्दल ड्राफ्टआधीच चर्चा होती असे शरीर आणले गेले. पर्यायी खेळाडू स्वस्त आहे एवढे पुरेसे नसते. तो किती सामने मैदानात असेल त्याने ती किंमत भागून पाहावी लागते.

कराराच्या वर्षातल्या सॅकचे आणखी कडू उदाहरण जेट्सचे. महंमद विल्करसनने २०१५ मध्ये १२ सॅक केले, शेवटच्या सामन्यात पाय मोडला, आणि जुलै २०१६ मध्ये पाच वर्षांचे ८.६ कोटी मिळवले, कॅपच्या ११.१ टक्के. पुढे ४.५, मग ३.५ सॅक. २०१८ मध्ये करारमुक्त.

शरीर

वैद्यकीय अहवालात पाच गोष्टी स्वतः वाचा, सारांशावर जाऊ नका: गुडघ्यातील मेनिस्कस (कूर्चेची गादी) किती शिल्लक आहे, मधल्या पायाच्या लिसफ्रँक सांध्याला कधी इजा झाली का, टाच आणि पोटरीमधला स्नायुबंध, कमरेच्या चकत्या, आणि खांदे. टॅकलच्या शरीरावर भार खालून वर जातो. पाऊल गेले की पहिली ढकल जाते, आणि पहिली ढकल गेली की बाकी कौशल्याला वाव राहत नाही.

आणि हेही लक्षात असू द्या की निरोगी माणसावरही जुगार असतोच. पँथर्सनी एप्रिल २०२४ मध्ये डेरिक ब्राउनला ९.६ कोटी दिले आणि पहिल्याच सामन्यात मेनिस्कस फाटून त्याचा हंगाम संपला. त्यात कुणाची चूक नाही. रेडर्सनी त्याच वर्षी ख्रिश्चन विल्किन्सला ११ कोटींचा करार दिला, ऑक्टोबरमध्ये पाऊल मोडले, जुलै २०२५ मध्ये संघाने त्याला सोडले आणि उरलेल्या हमीचा वाद तक्रारीत गेला. हमी कोणत्या कारणाने रद्द होऊ शकते ते कलम दोन्ही बाजूंनी सही आधी एकेक शब्द वाचायचे असते. संघाच्या बाजूने दोन छोट्या गोष्टी जरूर मागा: सामन्यागणिक रोस्टर बोनस, म्हणजे १७ सामन्यांना ५०,००० प्रमाणे ८.५ लाख, तो खेळला तरच. आणि ऑफसेट, म्हणजे सोडल्यावर दुसऱ्या संघाकडून मिळणारा पगार आपल्या देण्यातून वजा.

नाही म्हटले तर

तर चार वाटा आहेत. पर्यायाच्या १.३ कोटींवर खेळवणे. त्यानंतर फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला आणखी एक वर्ष रोखून ठेवण्याचा हक्क), ज्याचा भाव त्या जागेवरच्या सर्वांत महागड्या पाच करारांवरून ठरतो आणि दुसऱ्यांदा लावला तर आधीच्या पगाराच्या १२० टक्के होतो. तिसरी वाट विक्रीची. मैदानात असलेल्या चांगल्या टॅकलला बाजार आहे: नोव्हेंबर २०२५ मध्ये काउबॉईजनी क्विनन विल्यम्ससाठी एक पहिल्या आणि एक दुसऱ्या फेरीची निवड आणि मॅझी स्मिथ दिला. आणि शेवटची, सोडून देऊन भरपाईची निवड (गेलेल्या खेळाडूच्या बदल्यात ड्राफ्टमध्ये मिळणारी जादा निवड) घेणे. ती फार तर तिसऱ्या फेरीच्या शेवटी येते, वर्षभराने येते, आणि तुम्ही त्याच मार्चमध्ये दुसरा महागडा खेळाडू घेतला तर येतच नाही. त्यामुळे ‘काहीतरी मिळेलच’ या भरवशावर करार संपू देऊन त्याला खुल्या बाजारात सोडणे सगळ्यात वाईट.

थांबण्याचीही किंमत असते. कॅन्सस सिटी आणि जोन्स २०२३ मध्ये अडून बसले, तो पहिला सामना खेळला नाही आणि संघ डेट्रॉइटकडून २१-२० ने हरला. हंगामानंतर त्याने कॅपच्या १२.४ टक्के घेतले. पण जोन्ससाठी थांबणे महाग पडते, दुसऱ्या थराच्या खेळाडूसाठी तसे नसते. तिथे आणखी एक हंगाम पाहण्याची किंमत भाववाढीचे २०-३० लाख असते, आणि चुकीच्या हमीची किंमत ४.७ कोटी.

प्रश्नातल्या खेळाडूबद्दल माझे उत्तर असे: नवातले निदान चार सॅक स्वतः मिळवलेले असतील, ६० टक्क्यांहून जास्त स्नॅपवर चौथ्या क्वार्टरमध्ये पाय चालत असतील आणि प्रशिक्षक पुढची दोन वर्षे पक्का असेल, तर ९.६ कोटी द्या. एकूण आकड्यावर घासाघीस करू नका, तो एजंटला मिरवू द्या. दहा सॅकचा प्रोत्साहन बोनसही द्या. गेल्या हंगामात नऊच झाल्यामुळे तो ‘संभाव्य नाही’ या गटात धरला जातो आणि यंदाच्या कॅपवर पडत नाही, मिळवला तर पुढच्या वर्षी पडतो. फक्त एका जागी हटू नका: तिसऱ्या वर्षाची हमी तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्येच पक्की होईल. एजंट त्यावर अडला तर साइनिंग बोनस ३ वरून ३.३ कोटींपर्यंत न्या आणि तेवढा पगार चौथ्या-पाचव्या वर्षातून कमी करा. त्यावरही तो अडला, तर त्याला १.३ कोटींवर खेळू द्या आणि पुढच्या फेब्रुवारीत टॅगचा भाव हातात घेऊन पुन्हा बसा.